गणिताची उन्हाळी शिबिरं चालवणाऱ्यांना खुलं पत्र: काउन्सेलरला गणितापासून लांब ठेवू नका

नमस्कार,

उन्हाळ्यातली गणिताची निवासी शिबिरं चालवणारे संचालक, त्यांच्या कमिटीतले लोक आणि या शिबिरांना पैसा पुरवणारे, तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितेय. मी अशा शिबिरांत काउन्सेलर म्हणून काम करते, म्हणजे मुलांसोबत राहणारी, जेवणारी, रात्री लाइट बंद झाले की नाही बघणारी ताई. आणि शिबिरं कुणासाठी, तर ज्यांच्या शाळेत गणिताचा तास म्हणजे फळ्यावरचं वहीत उतरवणं, ज्यांच्या घरात कॉलेजपर्यंत कुणी गेलेलं नाही, ज्यांना गणिताच्या स्पर्धा असतात हेच कधी कुणी सांगितलं नाही, पण एखाद्या कोड्यात डोकं अडकलं की ज्यांना जेवणाची हाकसुद्धा ऐकू येत नाही अशा मुलांसाठी.

सरळ मुद्द्यावर येते. शिबिर उभं करताना शिक्षक कोण आणायचे, विषय कुठले घ्यायचे, पाहुणे कोण बोलवायचे यावर तुम्ही महिनोन्महिने डोकं लावता. आणि काउन्सेलर? ते शिबिर तोंडावर आलं की कॉलेजची जी पोरं मोकळी असतील त्यांच्यातून भरले जातात. मग आमच्या हातात हजेरीचा कागद, औषधांचा डबा आणि खोल्यांच्या किल्ल्या येतात आणि सांगितलं जातं की गणिताचं शिक्षक बघतील, तुम्ही फक्त मुलं सांभाळा. ही वाटणी चुकीची आहे आणि तिचा तोटा मुलांना होतो, हे मला तुम्हाला पटवायचंय.

दिवसाचे तास मोजून बघा ना. वर्गात मूल चार-पाच तास असतं, बाकी जागं असण्याचा सगळा वेळ आमच्याबरोबर. आणि वर्गात काय होतं ते आम्ही मागच्या बाकावर बसून बघतो, शिक्षक छान असतात, मनापासून शिकवतात, पण ज्या मुलाला कळलं नाही ते मूल मान डोलावतं. शाळेत इतकी वर्षं त्याने हेच शिकलेलं असतं की कळलं नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही, कळू दिलं तर ओरडा बसतो नाहीतर वर्ग हसतो. ते न कळलेलं मग बाहेर येतं रात्री, दात घासताना, जिन्यात, पांघरूण घेतल्यावर... "ताई, सकाळी ते सरांनी शेवटी काय केलं होतं?" त्या क्षणी समोर जी ताई किंवा जो दादा उभा आहे त्याला ते गणित येत असेल, त्यात रस असेल, पाच मिनिटं जिन्यातच बसायची तयारी असेल तर ठीक. तो जर म्हणाला की "उद्या सरांना विचार", तर खेळ संपला, कारण उद्या ते मूल विचारणार नाहीये. विचारता आलं असतं तर सकाळीच नसतं का विचारलं?

एक प्रसंग सांगते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. कापरेकरांची ती वजाबाकी तुम्हाला माहीत असेलच, द. रा. कापरेकर, आयुष्यभर शाळेत शिकवत राहिले आणि संख्यांमध्ये रमले. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने लावायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि जे येईल त्यावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि ६१७४ वर तेच केलं की परत ६१७४. कुठूनही सुरू करा, जास्तीत जास्त सात वेळा केलं की तिथेच येऊन थांबतं. सकाळी वर्गात हे झालं, मुलांना भारी वाटलं, टाळ्या वाजल्या आणि वर्ग पुढच्या गोष्टीकडे गेला.

रात्री अभ्यासाच्या तासाला एक मुलगी, जी वर्गात आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, कागद पालथा घालून बसली होती. मी शेजारी बसले तरी दाखवेना. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, माझं चुकतंय, मी दोन अंकी घेऊन बघितलं तर ते थांबतच नाही, फिरतच राहतं." कागदावर होतं ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. सरांचं एका संख्येवर थांबलं होतं आणि हिचं थांबत नाही, म्हणजे चूक हिचीच, असा तिचा हिशोब. मी बरोबर की चूक काहीच बोलले नाही, फक्त म्हटलं की दुसऱ्या संख्येपासून सुरू करून बघ आणि शेजारच्या दोघींनाही एकेक संख्या दे. तिघी बसल्या. कुठूनही निघाल्या तरी त्याच पाच संख्यांच्या गोल रिंगणात यायच्या. मग एकीच्या लक्षात आलं की सगळ्या नऊच्या पाढ्यातल्या आहेत. का, विचारलं तर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि मग तीच मुलगी, अक्षरं घेऊन समीकरण मांडायची तिला अजून सवय नव्हती, म्हणाली की दशकातला अंक एककात आला की त्याची किंमत त्याच्या नऊ पटीने कमी होते आणि एककातला दशकात गेला की त्याच्या नऊ पटीने वाढते, म्हणून फरक नऊच्या पटीतच येणार. ही सिद्धता आहे! दुसरं काही नाही. एका मुलीने, जिला शाळेत कधी कुणी "का" विचारलं नव्हतं, पलंगावर बसून सिद्धता दिली.

आता यात माझं काम काय होतं ते बघा. मला हे माहीत असणं गरजेचं होतं की दोन अंकी संख्यांमध्ये खरंच असं रिंगण येतं, नाहीतर मीसुद्धा "थांबायला हवं गं, परत कर" म्हटलं असतं आणि तिने कागद फाडला असता. मला गप्प बसता येणं गरजेचं होतं. आणि तिसरं, दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी हे सरांच्या कानावर घालता येणं गरजेचं होतं, त्या शिबिरात ती सोय होती, रोज सकाळी शिक्षक आणि काउन्सेलर थोडा वेळ एकत्र बसायचे. सरांनी तिला फळ्यापाशी बोलावलं, तिने रिंगण काढून दाखवलं, मग बाकीच्यांनी तीन अंकींचं काय होतं ते शोधलं (ते ४९५ वर थांबतं) आणि पाच अंकींचं काय यावर दोन दिवस भांडणं चालली होती. जिथे ही सकाळची बैठक नसते तिथे अशा गोष्टी पलंगावरच राहून जातात, मी हेही बघितलंय. माझी पहिली मागणी हीच. रोज वीस मिनिटं, शिक्षक आणि काउन्सेलर एका टेबलाशी, काल रात्री कोण कशात अडकलं होतं एवढ्यावर बोलायचं. याला काही खर्च येत नाही.

कुणाला वाटेल की मला माझं काम मोठं करून सांगायचंय. तसं नाही, हे आधीपासून माहीत असलेलं आहे. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाचा एक संशोधक विद्यार्थी होता, त्याला प्रश्न पडला की कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये इतकी नापास का होतात, तर तिथले चिनी वंशाचे विद्यार्थी त्याच विषयात पुढे असतात. प्राध्यापकांना विचारलं तर उत्तरं ठरलेली, मुलांना ओढ नाही, पाया कच्चा आहे, घरून पाठिंबा नाही, पैसा नाही. त्याने दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात हे जाऊन बघितलं. प्राध्यापकांची कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं भरपूर मेहनत करत होती, सांगितले तेवढे तास बसत होती, पण एकटी बसत होती. दुसरा गट आधी आपापलं करून मग संध्याकाळी एकत्र जमायचा, एकमेकांची उत्तरं तपासायचा, तुझं इथे चुकलं म्हणायचा, आणि एखादं गणित सगळ्यांनाच अडलं तर निदान हे तरी कळायचं की ते खरंच अवघड आहे, आपणच ढ नाही. मग ट्राइसमनने जो वर्ग सुरू केला तो उजळणीचा नव्हता, उलट त्यात नेहमीच्या अभ्यासापेक्षा अवघड गणितं ठेवली आणि मुलांना ती एकत्र बसून करायला लावली. आणि ती मुलं पुढे गेली.

मला तर हे वाचल्यापासून असं वाटतं की संध्याकाळी शेजारी कोण बसतं यावर फार काही ठरतं. आणि शिबिरात संध्याकाळी शेजारी आम्ही बसतो.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या रॉस प्रोग्रामचं. अर्नोल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये सुरू केलेलं हे शिबिर, साध्या गोष्टींचा खोलवर विचार करा हे त्यांचं ब्रीद. तिथे काउन्सेलर मुलांसोबत हॉस्टेलवर राहतात आणि मुलांनी सोडवलेली गणितं तेच वाचतात, इथे हे गृहीत का धरलंस, हे कशावरून, असं विचारून परत पाठवतात. बरेचसे काउन्सेलर तिथेच आधी विद्यार्थी म्हणून येऊन गेलेले असतात. त्यातूनच तयार झालेल्या लोकांनी १९८९ मध्ये बॉस्टनला प्रॉमिस नावाचं शिबिर सुरू केलं आणि तिथेही हीच पद्धत. म्हणजे जी मुलं आधीच गणितात पुढे आहेत त्यांच्या शिबिरात काउन्सेलर हा गणितातला सोबती असतो हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि आमच्या मुलांसाठी शिबिर काढलं की तिथे मात्र काउन्सेलर म्हणजे राखणदार! याचा मला राग येतो, खरंच येतो. ज्यांच्या घरी अडलेलं विचारायला कुणी नाही, शेजारीपाजारी कुणी नाही, क्लास लावायची ऐपत नाही, त्यांनाच संध्याकाळी गणित बोलायला माणूस द्यायचा नाही हे कुठल्या हिशोबात बसतं?

आता माणसं आणायची कुठून. तुम्ही म्हणाल गणित येणारी, मुलांत मिसळणारी, महिनाभर मोकळी असणारी पोरं मिळत नाहीत. मिळत नाहीत कारण बऱ्याच ठिकाणी हे काम फुकट करायचं असतं, राहणं-जेवण आणि शेवटी एक सर्टिफिकेट. फुकट काम कोण करू शकतं, ज्याला उन्हाळ्यात कमवायची गरज नाही तो. म्हणजे तुमचे काउन्सेलर आपोआप खात्यापित्या घरातले होतात, ती मुलं चांगली असतात, मी त्यांच्यासोबत काम केलंय आणि त्यांच्यात जीव लावणारी माणसं बघितली आहेत, पण मग शिबिरातल्या मुलाला महिनाभरात एकही असा माणूस दिसत नाही जो त्याच्यासारख्या घरातून येऊन गणित करतोय. आणि जो दिसायला हवा होता तो त्याच वेळी कुठेतरी दुकानात नाहीतर गोडाऊनमध्ये सुट्टीचं काम करत असतो कारण त्याला पुढच्या टर्मची फी भरायचीय. काउन्सेलरला पगार द्या. मानधन म्हणून हातावर काहीतरी टेकवणं नाही, त्याने दुसरीकडे सुट्टीचं काम करून जेवढं मिळवलं असतं तेवढा पगार. देणगी देणाऱ्यांना मी विशेष करून सांगते, एक पाहुणा वक्ता कमी बोलवा, टीशर्ट नका छापू, बॅग नका छापू, पण हा पैसा द्या.

आणि आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांना बोलवा. बॉब मोझेस हे नाव ऐकलं असेल, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढलेला माणूस, त्यांनी १९८२ मध्ये अल्जिब्रा प्रोजेक्ट सुरू केला, म्हणणं असं की बीजगणित शिकायला मिळणं हा मतदानासारखाच नागरिकाचा हक्क आहे. त्या प्रोजेक्टमध्ये वाढलेल्या मुलांनी १९९६ मध्ये यंग पीपल्स प्रोजेक्ट काढला, तिथे हायस्कूल-कॉलेजची मुलं आपल्यापेक्षा लहान मुलांना गणित शिकवतात आणि त्याचे त्यांना पैसे मिळतात. मोठी मुलं शिकवता शिकवता स्वतः पक्की होतात आणि लहानांना समोर दिसतं की आपल्या गल्लीतला दादा हे करतो. मी एका शिबिरात एका अशा दादाबरोबर काम केलंय जो आधी तिथेच विद्यार्थी होता. पहिल्या दिवशी मुलं ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होती ना, ती नजर माझ्या वाट्याला कधी आली नाही, येणारही नव्हती, कारण तो म्हणू शकत होता की मी याच खोलीत राहिलोय आणि मलाही पहिला आठवडा काही कळलं नव्हतं.

ट्रेनिंगबद्दल. आत्ता जे ट्रेनिंग मिळतं त्यात आग लागली तर कुठून बाहेर पडायचं, हजेरी कितीदा घ्यायची, मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, हे सगळं असतं आणि ते असायलाच हवं, त्यात काडीची तडजोड नको. पण गणिताचं काहीच नसतं. किमान एवढं करा की जे प्रश्न मुलांना देणार आहात ते आधी काउन्सेलरना सोडवायला द्या, शिबिराच्या आधी दोन-तीन दिवस, उत्तरं न देता. बुद्धिबळाच्या पटाचे तिरक्या रेषेत समोरासमोर असलेले दोन कोपऱ्यातले चौकोन कापले तर उरलेली ६२ घरं ३१ डॉमिनोंनी, म्हणजे दोन-दोन घरं झाकणाऱ्या तुकड्यांनी, झाकता येतील का, हे ज्याने स्वतः तासभर झटून, वैतागून, शेवटी घरांच्या रंगांकडे बघून सोडवलंय, तो मुलाला "रंग बघ" असं पाचव्या मिनिटाला सांगून टाकणार नाही, कारण त्याला माहीत असतं की त्या वैतागण्यातच मजा आहे. आणि थांबायला शिकवा. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण समोर मूल गप्प बसलेलं असताना तेवढं थांबून बघा, फार जड जातं ते. सरावाशिवाय जमत नाही.

अजून एक, "मला गणित येत नाही" असं मूल पहिल्याच दिवशी सांगून टाकतं, स्वतःहून, म्हणजे पुढे आपण निराश व्हायला नको म्हणून. त्यावर "असं नाही, तू हुशार आहेस" म्हणून काही होत नाही, ते त्याला खोटंच वाटतं. त्याच्या वहीत बघून सांगावं लागतं की ही तिसरी ओळ बघ, इथे तू जे केलंस ते बरोबर आहे आणि का बरोबर आहे ते मला सांग. हे करायला काउन्सेलरला ती तिसरी ओळ वाचता यायला हवी. परत तिथेच येते मी.

सांभाळण्याचं काम लहान आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. घरची आठवण येऊन रडणारं मूल, पहिल्यांदाच घराबाहेर झोपणारं मूल, धाकट्या भावंडांचं कोण बघत असेल या काळजीने फोनपाशी घुटमळणारी मुलगी, हे सगळं आमच्याकडेच येतं आणि हेही गणिताच्या आडच येतं, ज्याची झोप झालेली नाही ते मूल सकाळी पहिल्याच गणिताला हात टेकतं. आईबापांशी बोलायचं तर ते कामावरून सुटतात रात्री, मग रात्रीच फोन घ्यावा लागतो, आणि तुमचे फॉर्म बघा जरा, ईमेलने पाठवलेले, दहा पानी, त्यांना न येणाऱ्या भाषेत. मुलीला महिनाभर बाहेर पाठवायचं तर त्यांना एका माणसाशी बोलायचं असतं, तिथे रात्री कोण असतं, दार कोण लावतं, हे विचारायचं असतं. त्या फोनवर काउन्सेलरला बसवा, ऑफिसला नको. सामानाच्या यादीचंही तसंच, दोन जोड बूट, टॉर्च, चादरी, पाण्याची चांगली बाटली... यादी बघूनच काही घरं माघार घेतात आणि कारण सांगत नाहीत. यादीतलं सगळं शिबिरातच ठेवा आणि सगळ्यांना सारखंच द्या, म्हणजे कुणी मागून घेतलं हा प्रश्नच येत नाही.

आणि काही मुलं रात्री अशा गोष्टी सांगतात ज्या ऐकल्यावर एकोणीस-वीस वर्षांच्या काउन्सेलरला कळत नाही की पुढे काय करायचं. घरातल्या मारहाणीच्या, त्याहून वाईट. आम्ही मानसोपचार करणारे नाही. शिबिरात एक तरी या कामाची ट्रेनिंग घेतलेली व्यक्ती मुक्कामाला हवी आणि प्रत्येक काउन्सेलरला तिचं नाव, तिची खोली पहिल्या दिवसापासून माहीत हवी. ही सोय जिथे नसते तिथे आम्ही रात्र रात्र जागून एकमेकांत कुजबुजत बसतो आणि सकाळी परत सहाला हजेरीला उभे राहतो. काउन्सेलरलाही झोपेची गरज असते. आठवड्यातून एक पूर्ण सुट्टीचा दिवस द्या, बदली माणूस ठेवून.

आता जे लिहितेय ते देणगीदारांसाठी, थोडं कडक वाटेल. तुम्ही भेटीला येता तेव्हा मुलांना उभं करून तुमच्या घरची परिस्थिती सांगा असं विचारणं बंद करा. एका शिबिरात मी हे बघितलंय, बारा वर्षांच्या मुलाला माइक देऊन सांगायला लावलं की वडील काय करतात, घरात किती जण राहतात. त्याच मुलाने आदल्या रात्री शंभर लॉकरचं कोडं सोडवलं होतं, पहिला माणूस सगळे उघडतो, दुसरा प्रत्येक दुसरा बंद करतो, तिसरा प्रत्येक तिसऱ्याची स्थिती बदलतो, असं शंभर जणांनी केलं की शेवटी कुठले उघडे राहतात, आणि त्याने शोधून काढलं होतं की फक्त पूर्ण वर्गसंख्यांचे दहा राहतात कारण बाकी सगळ्या संख्यांचे विभाजक जोडीजोडीने येतात. हे विचारायचं ना त्याला! तो इतका छान सांगतो. त्याला पाहुण्यांसमोर गणित मांडायला मिळालं असतं तर त्याची मान वर राहिली असती, तसं न होता तो खाली बघून बोलला आणि त्या दिवशी संध्याकाळी अभ्यासाला बसला नाही. काउन्सेलरला हा अधिकार द्या की तो पाहुण्यांना सांगू शकेल की हे विचारू नका.

रिपोर्टचंही बोलते. उन्हाळ्यात मुलं शिकलेलं विसरतात म्हणून शिबिर हवं, असं बऱ्याच अर्जांत लिहिलेलं असतं. हॅरिस कूपर यांनी १९९६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं होतं की सुट्टीत साधारण महिन्याभराचं शिकलेलं मागे पडतं, गणितात जास्त. पण त्याच आढाव्यात गणिताच्या बाबतीत गरीब आणि बऱ्या घरातल्या मुलांमध्ये फरक दिसला नव्हता. म्हणजे आमच्या मुलांना इतरांपेक्षा वेगळं जे कमी पडतं ते उजळणी नाहीये. त्यांना अवघड, सुंदर गणित आणि ते बोलायला माणसं मिळत नाहीत. मग पहिल्या दिवशी एक टेस्ट, शेवटच्या दिवशी तीच टेस्ट, आणि मार्क किती वाढले याचा तक्ता, यात काय पकडणार तुम्ही? रिंगण शोधणारी मुलगी त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा प्रत्येक काउन्सेलरला आपल्या प्रत्येक मुलाबद्दल एक पान लिहायला सांगा, तो कशावर थांबतो, कशाने पेटतो, कुणाबरोबर बसला की बोलतो, कुठला प्रश्न अर्धवट सोडून गेलाय. घरच्या खाजगी गोष्टी त्यात नकोत, फक्त गणित. आणि ते पान फाइलमध्ये न जाता, मुलाच्या आईवडिलांना विचारून, पुढे त्या मुलाला जो कोणी शिकवणार आहे त्याच्या हातात जायला हवं.

कारण शिबिर संपलं की मूल परत त्याच वर्गात जातं. जिथे "का" विचारलं की वेळ नाही म्हणतात. न्यू यॉर्कमध्ये डॅनियल झहारोपोल यांनी २०११ मध्ये असंच एक उन्हाळी शिबिर सुरू केलं, आता ते बीम नावाने ओळखलं जातं. ते लोक मुलांना लहान वयात शिबिरात घेतात आणि नंतर सोडून देत नाहीत, पुढच्या शाळा निवडण्यापासून ते कॉलेजच्या अर्जांपर्यंत वर्षानुवर्षं सोबत राहतात. सगळ्यांना तेवढं जमणार नाही, मान्य. पण काउन्सेलरला वर्षभर पंधरा दिवसांतून एकदा आपल्या मुलांबरोबर तासभर व्हिडिओ कॉलवर एक कोडं घेऊन बसायचे पैसे देता येतील ना? संस्थेच्या नियमात बसवून, दुसरं कुणी मोठं माणूस कॉलवर ठेवून, सगळं उघडपणे. आत्ता होतं असं की मुलं आमचे नंबर मागतात, नियमाप्रमाणे आम्ही देऊ शकत नाही, नियम योग्यच आहे, पण त्याच्या जागी संस्थेने दुसरं काहीच ठेवलेलं नसतं. महिनाभर रोज ज्याच्याशी गणित बोललात तो माणूस एका दुपारी बसच्या खिडकीतून हात हलवतो आणि संपलं.

पुढच्या उन्हाळ्याची कामं तुम्ही आत्ताच कुठेतरी सुरू करत असाल. प्रश्नांची निवड करायला बसाल त्या पहिल्या मीटिंगला मागच्या वर्षीचे दोन काउन्सेलर आणि जमलं तर एक जुना विद्यार्थी बोलवा, चहापाण्याला नाही, मत द्यायला. कुठला प्रश्न रात्री दहा वाजता पण मुलांना झोपू देत नव्हता आणि कुठल्या प्रश्नावर सगळ्यांनी वह्या मिटल्या होत्या हे आम्हालाच माहीत आहे. बोलावलंत तर मी माझी वही घेऊन येईन.

तुमची,
एक काउन्सेलर ताई